‘प्रवेशित’ या शब्दाआडचे वय

बालगृहांच्या कागदपत्रांत तिथे राहणाऱ्या मुलांसाठी एक शब्द रूढ आहे : ‘प्रवेशित’. एकूण प्रवेशित इतके, प्रवेशितांची वैद्यकीय तपासणी झाली, एक प्रवेशित परवानगीशिवाय बाहेर गेला, अशी ती भाषा असते. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर हे धातुसाधित विशेषण आहे. ज्याला प्रवेश दिला गेला आहे तो प्रवेशित. प्रवेश देणारा दुसराच कोणी असतो; ज्याच्यावर ती क्रिया घडते त्याची इच्छा, त्याचा नकार, त्याचा भूतकाळ या शब्दात कुठेच शिरत नाही. तो कुठून आला हे शब्द सांगत नाही आणि कुठे जाणार हेही सांगत नाही. शिवाय या शब्दाला वयही नाही. सहा वर्षांचे पोर प्रवेशित आणि मिसरूड फुटलेला सतरा वर्षांचा मुलगाही प्रवेशितच.

भाषा शिकवणाऱ्या माणसांना अशा शब्दांपाशी रेंगाळायची खोड असते. पण हा केवळ शब्दाचा कीस काढण्याचा उद्योग नाही. बालगृहातील मुलांविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते, ते बहुतेक लहान मुलांविषयी असते : गोबरे गाल, पोरके डोळे, दत्तक, पाळणा. तेरा ते अठरा या वयातली मुले त्या चित्रात बसत नाहीत. ती उद्धट असतात, गप्प असतात, त्यांना कोणी दत्तक घेत नाही आणि फोटोत ती चांगली दिसत नाहीत. या मुलांच्या मनाचे काय होते, हा प्रश्न आम्हांला मांडायचा आहे. मांडायचे कारण असे की अन्न, वस्त्र, निवारा, शाळा आणि सुरक्षितता यांची चौकशी झाली म्हणजे चौकशी संपली, असे आपण सर्वांनीच धरून चाललो आहोत.

आम्ही ठाण्यातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. काही वर्षांपासून कोलशेतच्या बाजूला असलेल्या एका बालगृहात पंधरवड्यातून एकदा वाचनाचा तास घ्यायला जातो. संस्थेचे नाव सांगणे उचित नाही आणि मुलांची ओळख उघड करणे कायद्यानेच वर्ज्य आहे. ते योग्यही आहे. कोलशेत मात्र सांगण्यासारखे आहे. खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव, रेतीबंदर, हवाई दलाचे केंद्र, सँडोझसारखे रासायनिक कारखाने, अशी या भागाची जुनी ओळख. गेल्या दीड-दोन दशकांत कारखान्यांच्या जमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. तीस-तीस मजल्यांचे मनोरे, त्यांत तरणतलाव, आणि मनोऱ्यांत राहणारी सुस्थित, बऱ्याच अंशी सहृदय माणसे. या सहृदयतेचा एक आविष्कार बालगृहाच्या वाट्याला नेमाने येतो. घरातल्या लेकराचा वाढदिवस ‘त्या मुलांबरोबर’ साजरा करायचा. केक येतो, टोप्या येतात, वडापाव किंवा पिझ्झा येतो. मुले अर्धवर्तुळात बसतात, टाळ्या वाजवतात, गाणे म्हणतात, फोटो निघतात.

लहान मुलांना हे आवडते. केक कोणाला आवडत नाही? पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडे त्या वेळी पाहावे. टाळ्या ती वाजवते, कारण वाजवल्या नाहीत तर नंतर बोलणी बसतात. तिची स्वतःची जन्मतारीख बहुधा १ जून असते. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसलेल्यांना आपल्याकडे पिढ्यानपिढ्या १ जून हीच तारीख मिळत आली आहे. जिला आपण नक्की कधी जन्मलो हे माहीत नाही, तिला दर महिन्याला अनोळखी मुलांच्या जन्माचा आनंद साजरा करावा लागतो. यात कोणाचा दुष्टावा नाही. तिच्या मनाचा विचार कोणाला सुचलाच नाही, एवढेच. बालगृहातल्या किशोरवयाची सारी व्यथा या ‘सुचले नाही’मध्ये आहे.

पहिला गैरसमज ‘अनाथ’ या शब्दाचा. बालगृहाला लोक सरसकट अनाथाश्रम म्हणतात. प्रत्यक्षात तिथल्या पुष्कळ मुलांना आई किंवा वडील असतात, कित्येकांना दोघेही. वडिलांचा मृत्यू आणि आईची घरकामावर भागणारी गुजराण, आईचे दुसरे लग्न, दारू, तुरुंग, दीर्घ आजार, घरातच झालेला अत्याचार, ठरवलेला बालविवाह मोडून केलेली सुटका, रेल्वे फलाटावर सापडणे, अशा वाटांनी मुले बालकल्याण समितीपुढे येतात. कायद्याच्या भाषेत ती ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके’. म्हणजे यांतल्या अनेकांचा वियोग हा मृत्यूने झालेला वियोग नाही. आई आहे, कळव्याला किंवा भिवंडीला आहे, दिवाळीला येईन म्हणाली होती, आली नाही. मृत्यूला निदान एक तारीख असते, तेरावा असतो, लोक येऊन बसतात. या वियोगाला काहीच नसते. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने अशा दुःखाचा विचार केला आहे : माणूस गेलेलेही नाही आणि आपल्याजवळही नाही, त्यामुळे शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही. मराठीत त्याला अनिश्चित वियोग म्हणता येईल. लहान मूल वाट पाहते. किशोरवयीन मूल वाट पाहणे सोडून देते आणि वाट पाहिल्याबद्दल स्वतःवरच चिडते. ती चीड मग ताटावर, दारावर, अधीक्षकावर किंवा स्वतःच्या मनगटावर निघते. संस्थेच्या नोंदवहीत त्याची नोंद ‘गैरवर्तन’ अशी होते.

या संस्थांचा इतिहास पाहिला तर ही नोंदवहीची दृष्टी कुठून आली हे उमगते. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाने जी संस्था निघाली ती सुधारगृह होती. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना कसब शिकवून वळणावर आणणे हा तिचा हेतू. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्यात बालकांसंबंधीचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी आणि मानखुर्द ही नावे मुंबईकरांना तेव्हापासून ठाऊक आहेत. किती ठाऊक, तर ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही आपल्याकडे घराघरांतली धमकी होऊन बसली. ज्या जागेची धमकी दिली जाते, त्या जागेत राहणाऱ्या मुलाला बाहेरचे जग कोणत्या नजरेने पाहत असेल, हे निराळे सांगायला नको.

दुसरी एक परंपरा याहून वेगळी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे सुरक्षित बाळंतपण मिळाले. तिथेच जन्मलेल्या यशवंताला या दांपत्याने पोटचा मुलगा मानले, शिकवले, डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि यशवंत रुग्णसेवेत एकत्र होते. मराठी समाजातल्या बालकाश्रयाच्या या आरंभीच्या प्रयोगात निदान एका मुलासाठी संस्थेचे घर झाले, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे शाहू महाराजांची कोल्हापुरातली वसतिगृहे आली, भाऊराव पाटलांचे साताऱ्याचे बोर्डिंग आले. बोर्डिंगात राहून शिकलो, हे सांगताना आपल्या आधीच्या पिढ्यांची मान ताठ होते. दलित आत्मकथनांतही वसतिगृह हा पुन्हापुन्हा येणारा टप्पा आहे. तिथे भूक आहे, अपमान आहे, तरी मुक्तीचा पहिला श्वासही तिथलाच आहे. बोर्डिंगातला मुलगा आणि बालगृहातला मुलगा यांच्यात फरक काय? दोघांचेही अन्न सार्वजनिक, दोघांचेही अंथरूण रांगेतले. फरक एवढाच की पहिल्याच्या तिथे असण्याला एक सन्मान्य कथा आहे : मी शिकायला आलो. दुसऱ्याला अशी कथा दिली गेलेली नाही. ‘तू इथे का राहतोस?’ या शाळेतल्या मित्राच्या प्रश्नाला तो दर वर्षी नवे उत्तर तयार करतो. किशोरवय म्हणजे स्वतःची गोष्ट स्वतःला सांगू लागण्याचे वय. त्या वयात ज्याला आपली गोष्टच सांगता येत नाही, त्याच्या मनाचा तोल कशावर राहावा?

इथे साने गुरुजींची आठवण होणे अटळ आहे. गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे अमळनेरच्या शाळेत होते आणि तिथल्या छात्रालयाचे कामही पाहत होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित काढत. घर सोडून आलेल्या मुलांसाठी रोज कोणीतरी काहीतरी लिहिते, ही साधी गोष्ट मानसिक आरोग्याचा केवढा मोठा उपचार असेल, याची कल्पना करावी. मुलाला रोज सकाळी कळते की काल आपण होतो आणि आपले असणे कोणाच्या तरी ध्यानात आले. गुरुजींना हे सुचले त्याचे कारण त्यांच्या आयुष्यातच आहे. ते शिक्षणासाठी लहानपणीच घराबाहेर पडले होते, औंधला त्यांनी उपासमार सोसली होती, आणि १९१७ साली आई गेली तेव्हा ते जवळ नव्हते. तेव्हा त्यांना अठरावेही पुरे व्हायचे होते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. या पुस्तकाची चौकट आपण सहसा विसरतो. श्याम आईच्या आठवणी सांगतो तो आश्रमात, घर सोडून आलेल्या सोबत्यांना, रात्रीमागून रात्री. मराठीतले मातृप्रेमाचे सर्वांत थोर पुस्तक हे घरापासून दूर असलेल्यांनी एकमेकांना सांगण्या-ऐकण्याचे पुस्तक आहे. त्यातले अश्रू पुढच्या पिढ्यांनी उचलले. रोज रात्री कोणीतरी ऐकायला बसते, ही व्यवस्था मात्र मागेच राहिली.

आणि उरले काय, तर ‘माझी आई’ हा निबंध. मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी ते दहावी या काळात हा विषय एकदा तरी येतोच. ‘माझे कुटुंब’, ‘आजीची माया’, ‘सुट्टीत मामाच्या गावी’ हे त्याचे सोयरे. बालगृहातली मुले नजीकच्या शाळेतच जातात आणि हा निबंध इतरांसारखाच लिहितात. आम्ही पाहिलेल्या वह्यांत दोन तऱ्हा दिसल्या. काही मुले मार्गदर्शकातला निबंध जसाच्या तसा उतरवतात. पहाटे उठून सडा घालणारी, परीक्षेच्या वेळी उशाशी बसणारी आई त्यांच्या अक्षरात अवतरते आणि दहापैकी सात गुण मिळवते. काही मुले पान कोरे सोडतात. एका मुलाने आईऐवजी वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशींवर लिहिले होते. भाकरी भाजताना त्यांच्या हाताला पडलेले चट्टे त्याने मोजले होते. निबंध म्हणून तो आम्हांला सर्वांत अस्सल वाटला. वहीत शेरा होता, ‘विषयाला धरून नाही’. असे विषय बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. आईविषयी न लिहिणारे वाङ्मय मराठीत कसे असेल? पण विषयाशेजारी ‘किंवा’ हा शब्द घालून दुसरा विषय देण्यास शाळेला खर्च येत नाही. आणि आईवर लिहिता येणे हेच भावनेचे मोजमाप असेल, तर ज्याच्यापाशी आईची जागा रिकामी आहे त्याला आपण भावनाशून्य ठरवतो, हे तरी शिक्षकाच्या लक्षात यावे.

मानसशास्त्राने या विषयावर सांगितलेले आता जुने झाले आहे. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालापासून हे ज्ञात आहे की मुलाला एका माणसाचा सलग, जिव्हाळ्याचा सहवास लागतो आणि तो तुटला तर मनाची वाढ अडखळते. रुमानियात चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांतली मुले जगाला दिसली. २००० सालापासून बुखारेस्टमध्ये झालेल्या दीर्घ अभ्यासात संस्थेतली काही मुले पालक-कुटुंबांत दिली गेली, काही संस्थेतच राहिली. लवकर कुटुंबात गेलेली मुले अनेक बाबतींत सावरली. किशोरवयापर्यंत त्यांचा मागोवा घेतल्यावर दिसले की ज्यांचे कुटुंब मध्येच बदलले नाही त्यांचे अधिक बरे झाले. ‘बदलले नाही’ हे शब्द आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. आपल्या व्यवस्थेत मुलाचे आयुष्य बदल्यांनी भरलेले असते. सहाव्या वर्षापर्यंत शिशुगृह, नंतर बालगृह. मुलगे आणि मुली यांच्या संस्था वेगळ्या, त्यामुळे भाऊ-बहीण वेगळे. संस्थेची नोंदणी रद्द झाली की दुसरा जिल्हा. अधीक्षक बदलतात, कंत्राटावरच्या समुपदेशक बाई चांगली नोकरी मिळाली की जातात, समाजकार्याचे विद्यार्थी सहा महिने येतात आणि प्रकल्प संपताच नाहीसे होतात. पंधरा वर्षांच्या मुलाने एव्हाना दहा-बारा जिव्हाळ्याच्या माणसांना निरोप दिलेला असतो. अकराव्यावर तो विश्वास टाकत नाही, तर त्यात त्याचे काय चुकले? तो शहाणाच म्हटला पाहिजे.

किशोरवयाच्या आणखी दोन गरजा संस्थेच्या रचनेशी थेट भांडतात. एक एकांताची. घरातला मुलगा या वयात दार लावून घेतो आणि आपण ‘वयच आहे’ म्हणून हसतो. बालगृहात दार नसते. असलेच तर त्याला आतून कडी नसते. त्यामागे सुरक्षिततेचे रास्त कारण आहे. पण रडायला जागा नाही, डायरी ठेवायला कुलपाचा कप्पा नाही, स्वतःच्या पसंतीचा सदरा नाही, हे त्या कारणात बसत नाही. दुसरी गरज प्रेमाची, आकर्षणाची. शाळेतल्या मुलाला चिठ्ठी दिली म्हणून घरची मुलगी ओरडा खाते आणि दोन दिवसांत प्रकरण मिटते. बालगृहातल्या मुलीची चिठ्ठी फाइलमध्ये जाते, बैठकीत वाचली जाते. ज्या मुलींवर पूर्वी अत्याचार झालेला आहे, त्यांच्या साध्या कोवळ्या ओढीकडेही संशयाने पाहिले जाते. शरीर, पाळी, मैत्री, मोह यांविषयी त्यांच्याशी बोलायला नेमलेले माणूस बहुधा असते. फक्त ते त्यांचे शिस्तपालकही असते.

कायद्यात हे काहीच नाही असे नाही. २०१५ चा बाल न्याय अधिनियम वाचला तर आश्चर्य वाटते, इतका तो समजूतदार आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, मुलाचे म्हणणे ऐकावे, प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी योजना करावी, समुपदेशनासह मानसिक आरोग्याच्या सेवा द्याव्यात, असे त्यात आहे. मुलाला कलंकित करणारे शब्द वापरू नयेत, हे त्याच्या मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे. भाषाशिक्षकांना याहून सुखावणारे कलम कोणते असणार? २०१६ च्या नियमांनी तर वयोगटांनुसार मुलांच्या समित्याही सांगितल्या : सहा ते दहा, अकरा ते पंधरा, सोळा ते अठरा. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाचे प्रश्न दहा वर्षांच्या मुलाहून निराळे असतात, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. ही दृष्टी प्रत्यक्षात मात्र तक्त्यांत विरते. वैयक्तिक काळजी योजना अनेकदा एका मुलाची दुसऱ्या मुलाच्या नावाने उतरवलेली असते. ‘मुलाची भावनिक गरज’ या रकान्यात ‘प्रेम व मार्गदर्शन’ असे दोन शब्द असतात. सगळ्यांना तेच.

ठाण्यात या प्रश्नाला आणखी एक स्थानिक अडचण आहे. इथले मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्यामुळे ‘ठाण्याला पाठवा याला’ हा विनोद साऱ्या मुंबईभर चालतो आणि ठाण्याच्या मुलांनाही तो पाठ असतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलेल्या मुलाला परत आल्यावर खोलीतली मुले काय म्हणतात, ते लिहून दाखवायची गरज नाही. आधीच एक शिक्का घेऊन वावरणाऱ्याला दुसरा शिक्का नको असतो. म्हणून तो ‘मला काही नाही’ म्हणतो आणि तपासणीच्या कागदावर ‘सामान्य’ अशी नोंद होते.

याचा प्रतिवाद आम्ही ऐकला आहे आणि तो हलका नाही. पहिला प्रतिवाद संस्थाचालकांचा : अनुदान वेळेवर येत नाही, शंभर मुलांमागे काळजीवाहू माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, रात्री ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात कोणी न्यायचे याची भ्रांत, तिथे मनाचे लाड कोण करणार? दुसरा अधिक कठोर आहे : मनाबिनाचे बोलण्याआधी मुले जिवंत आणि सुरक्षित राहतील एवढे पाहा. हे म्हणणाऱ्यांपाशी आधार आहे. २०१० साली आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेतली उपासमार आणि अत्याचार उघडकीस आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून राज्यभरातल्या अशा संस्थांकडे लक्ष वळवले. त्याच सुमारास पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या एका संस्थेतले अत्याचाराचे प्रकरण गाजले आणि २०१३ मध्ये त्यात शिक्षा झाल्या. अशा पार्श्वभूमीवर कुलूप, नोंदवही आणि कॅमेरा यांना महत्त्व येणे स्वाभाविक आहे.

पण या दोन्ही प्रकरणांतून आम्ही वेगळा निष्कर्ष काढतो. तिथे कुलपेही होती आणि नोंदवह्याही होत्या. नव्हते ते ऐकणारे माणूस. ज्या मुलाचे मन रोज कोणी विचारत नाही, त्याच्या शरीरावर झालेला अन्यायही कोणाला कळत नाही. मनाची विचारपूस हा सुरक्षिततेनंतरचा चोचला नसून सुरक्षिततेचा पहिला पहारा आहे. पैशाच्या सबबीबद्दल इतकेच म्हणता येईल की आम्ही पुढे ज्या गोष्टी सुचवणार आहोत त्यांतल्या निम्म्यांना पैसा लागत नाही.

तिसरा प्रतिवाद आमच्या मनातूनच येतो. मग या संस्था हव्यात कशाला? मुलांना घरीच का ठेवू नये? शक्य तिथे ठेवावेच. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिच्यातले दरमहा अनुदान ११०० रुपयांवरून २०२३ साली २२५० रुपये झाले. केवळ दारिद्र्यापायी बालगृहात आलेल्या कितीतरी मुलांना ही रक्कम वेळेवर मिळाली तर आईपाशी राहता येईल. परंतु सगळ्याच मुलांसाठी घर हे सुरक्षित स्थळ नसते. काही मुलींना बालगृहातच पहिल्यांदा शांत झोप लागली, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. घराची भाबडी पूजा करून त्यांना परत तिथे लोटणे हा दुसरा अपराध होईल. केंद्राच्या पाहणीचा २०१८ मध्ये आलेला अहवाल देशात साडेनऊ हजारांहून अधिक संस्था आणि पावणेचार लाखांच्या आसपास मुले असल्याचे सांगतो. या संस्था उद्या मिटणार नाहीत. तेव्हा त्या आहेत तोवर त्यांत जगणे कसे असावे, हा प्रश्न टळत नाही.

आणि या साऱ्यावर अठराव्या वाढदिवसाची सावली असते. घरच्या मुलाचे अठरावे वर्ष म्हणजे मतदान आणि गाडीचा परवाना. बालगृहात ती बाहेर पडण्याची तारीख आहे, आणि ती बहुधा तीच कागदावरची, १ जून. दहावीपासून मुले दिवस मोजू लागतात. नारायण सुर्वे यांना जन्मतः टाकून दिलेले असताना एका गिरणी कामगाराने उचलून वाढवले. पण वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तो निवृत्त होऊन कोकणात गेला आणि हा मुलगा मुंबईत पुन्हा एकटा पडला. सुर्व्यांच्या चरित्रातला हा दुसरा वियोग आपण फारसा लक्षात घेत नाही. बालगृहातल्या प्रत्येक मुलाला हा दुसरा वियोग ठरलेल्या तारखेला भेटतो. अनुरक्षणाची तरतूद आहे : एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत. मात्र कायदा ‘आर्थिक साहाय्य देता येईल’ असे म्हणतो, ‘दिले जाईल’ असे म्हणत नाही. त्या एका क्रियापदाच्या रूपावर हजारो आयुष्ये लटकली आहेत.

या तारखेविरुद्ध बोलणारी माणसे आपल्याकडे आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतरही संस्थेतच राहता यावे म्हणून वर्षानुवर्षे मागणी करत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी आपला अनुभव शासनापुढे मांडला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने शिक्षण व नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण मान्य केले. पण ज्यांना आई किंवा वडील आहेत असे कागद सांगतो आणि ज्यांच्यासाठी ते प्रत्यक्षात नाहीत, अशी आमच्या ओळखीची बहुसंख्य मुले ‘अनाथ’ या व्याख्येत सहजी बसत नाहीत. शब्दाची व्याख्या पुन्हा एकदा आयुष्याच्या आड येते.

आमच्या अपेक्षा मोठ्या नाहीत. प्रत्येक किशोरवयीन मुलामागे एक ठरलेले प्रौढ माणूस असावे, जे निदान तीन वर्षे बदलणार नाही. ज्याला तेवढे शक्य नसेल त्याने मुलांच्या आयुष्यात शिरू नये, आणि जाताना निरोप घेतल्याशिवाय जाऊ नये. समुपदेशक संस्थेच्या शिस्तीशी जोडलेला नसावा. मुलाने त्याला सांगितलेले, जिवाला धोका नसेल तर, फाइलमध्ये जाऊ नये. प्रत्येकाला कुलपाचा एक कप्पा मिळावा. पाहुण्यांचे वाढदिवस बंद करून मुलांचे वाढदिवस सुरू करावेत. ज्याला तारीख नाही त्याला स्वतःची तारीख निवडू द्यावी. भावंडांची भेट महिन्यातून एकदा घडवणे हे संस्थेच्या मर्जीवर न ठेवता समितीच्या आदेशात लिहावे. बाहेर पडण्याची तयारी सोळाव्या वर्षी सुरू व्हावी आणि बाहेर पडलेल्याला सणावारी परत येण्यासाठी दार उघडे असावे. माहेर या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये.

महाविद्यालयांचेही काम आहे. अकरावी आणि प्रथम वर्षाच्या वर्गांत ही मुले येऊन बसतात, बहुतेकदा ओळख लपवून. प्रवेश-अर्जावर कायमचा पत्ता, पालकांची सही, वडिलांचा व्यवसाय हे रकाने भरताना ती अडतात आणि खिडकीपलीकडचा लिपिक सर्वांसमक्ष मोठ्याने विचारतो. प्रत्येक महाविद्यालयात अशा मुलांसाठी एक शिक्षक नेमून द्यावा आणि त्याने हे अर्ज बंद दाराआड भरून घ्यावेत. एवढ्याने मुलाचे मन बरे होईल असा आमचा दावा नाही. निदान ते रोज नव्याने दुखावणार नाही.

कोलशेतच्या मनोऱ्यांतल्या सहृदय माणसांना आमची एक विनंती आहे. केक घेऊन वर्षातून एकदा येण्याऐवजी दर आठवड्याला एक तास, रिकाम्या हाताने या. एकाच मुलापाशी बसा. तो पहिले तीन महिने बोलणार नाही. चौथ्या महिन्यात तो तुम्ही याल की नाही याची परीक्षा घेईल, मुद्दाम उद्धटपणे वागेल. तरीही पुढच्या आठवड्यात या. त्यानंतर कदाचित तो स्वतःची गोष्ट सांगू लागेल, आणि त्या गोष्टीत त्याचे स्वतःचे नाव असेल.